इकामा संपला होता तरी

शराफियात रोगापेक्षा इकाम्याची भीती मोठी. २०२०च्या मार्चअखेरीस आमच्या इमारतीतल्या, खेडकडच्या चाचांना ताप आला. इकामा संपून वर्ष झालेलं, कफील फोन उचलेना. "वहिनी, इस्पितळात गेलो तर धरून परत पाठवतील," म्हणत ते खोलीत पडून राहिले. त्याच खोलीत आणखी पाच जण!

३० मार्चला राजे सलमान यांचा आदेश आला: कोरोनाचा उपचार सर्वांना मोफत, इकामा नसलेल्यांनाही. माझ्या मते त्या साथीतली इथली सगळ्यात मोठी सुधारणा हीच. खाटा, व्हेंटिलेटर पैशाने वाढतात. पण रुग्णच लपून बसला तर ते कुणासाठी? पुढे 'ततम्मन' दवाखाने निघाले, लक्षणं असली की अपॉइंटमेंटशिवाय जायचं. शब्दाचा अर्थ 'निश्चिंत राहा'. सरकारी दवाखान्याला इतकं गोड नाव मी दुसरं ऐकलं नाही.

चाचांना मात्र बातमी खरी वाटेना. दाराबाहेरून मी ती तीनदा वाचून दाखवली, शाळेत धडा वाचायचे तशी. अखेर ह्यांनी ९३७ला फोन लावला. इस्पितळात ताप कधीपासून, खोलीत किती माणसं, हे विचारलं. इकाम्याची तारीख कुणी काढली नाही. दुसऱ्या दिवशी त्या पाचही जणांची तपासणी झाली.