गिळलेला नमस्कार

बाळपणी चौलास शेजारच्या निरक्षर आजींना मी त्यांच्या मुलाचे पत्र वाचून दाखविले : ‘ती. आईस शि. सा. न. वि. वि.’ जसे लिहिले तसेच वाचले. ‘नमस्कार नाही रे लिहिला?’ त्यांनी खिन्नपणे विचारले. तेव्हा माझ्या वडिलांनी ते वाचले : ‘तीर्थरूप आईस शिरसाष्टांग नमस्कार विनंति विशेष.’ नमस्कार होता. मीच तो गिळला होता!

विद्यार्थिमित्रहो, इंग्रजीतही हाच विवेक हवा. ‘डॉ.’ हा संक्षेप. मुखाने पूर्ण ‘डॉक्टर’ म्हणावे. ‘बी. ए.’ची अक्षरे सुटी उच्चारावी. परंतु अमेरिकन नौदलाने १९४० साली स्वीकारलेले ‘रडार’ हे चार शब्दांच्या आद्याक्षरांचे असूनही अखंड शब्दच झाले. अशा शब्दास ॲक्रोनिम म्हणतात.

लिहिताना काटकसर खुशाल करावी; वाचताना मात्र कोणाचा नमस्कार बुडवू नये.