पैशांच्या झाडावरचा बुद्ध

पैशांचं झाड आणि त्यावर बुद्ध, ही जोडी मला बरीच वर्षं पचली नव्हती. चीनच्या सिचुआन भागातल्या पूर्व हान काळातल्या थडग्यांतून अशी काशाची झाडं निघाली आहेत. खाली बैठक, वर तुकडे जोडून उभं केलेलं खोड, पातळ ओतीव फांद्या आणि त्यांना लगडलेली चौकोनी भोकाची नाणी. मियानयांगजवळच्या हेजियाशान इथल्या झाडाच्या खोडावर तर एकाखाली एक पाच बुद्ध बसलेत. डोक्यावर उष्णीष, ओठांवर मिशी, उजवा हात अभयमुद्रेत.

ही सारी सजावट, असं मी ठासून सांगायचो. कला-इतिहासकार वू हुंग यांचा 1986 सालचा लेख हाताशी होताच. परका, अमर, शुभ देव म्हणून चिन्यांनी बुद्ध आपलासा केला, मूर्ती दिसली म्हणून तिथे बौद्ध धर्म होता असं होत नाही, हा त्यांचा मुद्दा. संघ नाही, त्रिशरण नाही, मग कसला बुद्ध? यात थोडा तोराही होता. कार्ल्याची लेणी आमच्या दारात ना!

त्या तोऱ्यानंच पंचाईत केली. फेंगदूच्या थडग्यातल्या अशाच बुद्ध असलेल्या झाडाच्या बैठकीवर साल आहे इ. स. 125. कार्ल्याचं चैत्यगृह साधारण त्याच सुमाराचं, आणि तिथे पूजा स्तूपाची. बुद्धमूर्ती आल्या त्या काही शतकांनी. मूर्तीवाचूनची इथली श्रद्धा मला खरी वाटते, तर पोथीवाचूनची तिथली मूर्ती खोटी कशी?

मग झाडाकडे नीट पाहिलं. बुद्ध मागाहून चिकटवलेला नाही, खोडाबरोबरच ओतलाय. या झाडांवर मानाची जागा एरवी शीवांगमूची, म्हणजे अमरत्व देणाऱ्या पश्चिमेच्या राणीमातेची. तिच्या पंक्तीला बसवलेल्याला वेलबुट्टीत कसं काढायचं? आणि थडगं बुजवल्यावर ही शोभा बघणार कोण होतं?

ही झाडं पुरणाऱ्या घरांतली माणसं बौद्ध होती, असं मी आजही म्हणणार नाही. तिथे वू हुंग यांचंच खरं. पण मेलेल्या माणसाच्या भल्यासाठी कुणीतरी या परक्या देवावर भरवसा टाकला होता, एवढं मानतो. नाणी मात्र अजून खुपतात.