दगडाखालचे शेजारी

मुलांनो, तुम्ही कधी ओढ्यातला दगड उलटा करून पाहिला आहे का? खेकडा धरायला नव्हे हं! नुसते, दगडाच्या पोटाला काय चिकटले आहे ते बघायला. मी ओढ्याकाठीच लहानाचा मोठा झालो, पण हे काम पहिल्यांदा केले ते माझ्या चौथीच्या मुलांबरोबर. त्या दिवशी जे कळले ते सांगताना आजही थोडी लाज वाटते.

आमचे गाव आजरा तालुक्यातले. वर डोंगर, खाली भाताची आणि उसाची शेते, आणि मधून वाहणारा ओढा. पुढे तो हिरण्यकेशी नदीला मिळतो. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीची सुट्टी संपली होती, ओढ्याचे पाणी निवळले होते आणि वर्गात परिसर अभ्यासाचा ‘पाणी’ हा पाठ चालू होता. मी म्हटले, “पुस्तक मिटा. आज पाणीच बघायला जाऊ.”

दोन पांढऱ्या थाळ्या, चहाची गाळणी आणि एक वही घेऊन आम्ही निघालो. आधी गेलो वर, देवराईपाशी. तिथे ओढ्यावर झाडांचा मांडव आहे. पाणी गार. आम्ही दहा दगड उचलायचे ठरवले. पहिलाच दगड उलटा केला आणि एक पोरगी ओरडली, “सर, ह्याला तीन शेपट्या हाईत!”

खरेच होत्या. चपटे अंग, दोन्ही कडांना हलणारे बारीक कल्ले आणि मागे तीन लांब शेपट्या. ही मेफ्लाय नावाच्या कीटकाची पिल्ले. कित्येक आठवडे, कधी महिनेही ती पाण्यात काढतात. मग पंख फुटून बाहेर येतात आणि काही तासांत, फार तर दोनेक दिवसांत मरून जातात. तेवढ्या वेळात ती काही खातसुद्धा नाहीत! दुसऱ्या दगडाखाली दोन शेपट्यांची पिल्ले मिळाली, ती स्टोनफ्लायची. एका दगडाला वाळूचे कण चिकटवून केलेली इवलीशी नळी होती आणि तिच्यातून एक डोके बाहेर डोकावत होते. ही कॅडिसफ्लायची अळी. तोंडातून रेशमासारखा धागा काढते आणि त्याने वाळू जोडून स्वतःचे घर बांधते. मुलांनी तिचे नाव ‘गवंडी’ ठेवले. चतुराची पिल्ले, गोगलगाई आणि एक छोटा खेकडाही भेटला. दहा दगडांखाली आठ प्रकारचे जीव! प्रत्येक दगड आम्ही होता तसा परत ठेवला, कारण ते कुणाचे तरी घर होते.

मग खाली आलो, उसाच्या शेतांजवळ. तोच ओढा, तेच पाणी. इथेही दहा दगड उचलले. दगड बुळबुळीत होते, त्यांच्यावर हिरवे शेवाळ आले होते आणि खालच्या फटी गाळाने बुजल्या होत्या. तीन शेपट्यांचा एकही नाही. गवंडीही नाही. सापडले ते तांबडे, दोऱ्यासारखे वळवळणारे किडे, थोड्या गोगलगाई आणि एक जळू. वहीत लिहिले : तीन प्रकार.

मुले माझ्याकडे बघत होती. त्याच चुणचुणीत पोरीने विचारले, “सर, ह्ये शेत कुणाचं?”

मुलांनो, ते शेत माझे होते.

दोन वर्षांपूर्वी त्या काठावर उंबर, करंज आणि दोन जांभळी होत्या. त्यांच्या सावलीत ऊस नीट वाढत नाही म्हणून मीच ती झाडे तोडली आणि पार पाण्याच्या कडेपर्यंत नांगर फिरवला. चार सऱ्या जास्त मिळाल्या. फवारणीचा पंपही आम्ही ओढ्यातच धूत होतो. शाळेत ‘पाणी हेच जीवन’ असे फळ्यावर सुंदर अक्षरात लिहिणारा मीच, आणि हे करणाराही मीच. क्षणभर वाटले, “कुणाचं का असेना” म्हणून वेळ मारून न्यावी. पण वही पोरांच्या हातात होती. मी सांगून टाकले, “माझं आहे.”

कुणी हसले नाही. एकाने एवढेच विचारले, “मग किडं गेलं कुठं?”

हा प्रश्न मात्र खरा होता. त्याचे उत्तर मी पुढचे काही आठवडे शोधत होतो. जे समजले ते सोपे करून सांगतो.

पहिली गोष्ट सावलीची. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच. कल्ल्यांनी श्वास घेणाऱ्या पिल्लांना ही तूट सोसत नाही. तांबड्या किड्यांच्या अंगात मात्र आपल्या रक्तासारखे हिमोग्लोबिन असते, म्हणून ते कमी प्राणवायूतही तगतात.

दुसरी गोष्ट जेवणाची. काठच्या झाडांची गळलेली पाने हे ओढ्यातल्या अनेक जिवांचे अन्न. झाड तोडले म्हणजे त्यांच्या पुढचे ताटच काढून घेतले.

तिसरी मातीची. काठाला मुळे नसली की पावसात माती ढासळते आणि दगडांमधल्या फटी बुजतात. त्या फटी म्हणजे या जिवांच्या खोल्या. चौथी खताची आणि औषधाची. वाहून आलेल्या युरियाने शेवाळ माजते. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते, पण रात्री तोच घेते. आणि कीटकनाशकाचे म्हणाल, तर ते कीटक मारण्यासाठीच असते. पाण्यातला कीटक कोणता आणि पिकावरचा कोणता, हे त्याला थोडेच कळते!

शेतासारखेच रानाचे. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात हब्बर्ड ब्रुक नावाचे जंगल आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये एका ओढ्याच्या पाणलोटातली सगळी झाडे मुद्दाम तोडली आणि पुढे काय होते ते मोजले. पहिल्या वर्षी ओढ्यातून वाहून जाणारे पाणी सुमारे ४० टक्क्यांनी वाढले, आणि मातीतले नायट्रेट, म्हणजे झाडांचे खाद्य, कित्येक पटींनी जास्त वाहून गेले. आमच्याकडेही डोंगरउतारावरचे रान काढून काजू लावतात. काजू वाईट नाही, त्यावर घरे चालतात. पण सगळा उतार एकदम उघडा केला, की पहिल्याच पावसात ओढा तांबडालाल होतो, आणि माती काजूवाल्याचीच जाते.

आणखी एक गंमत सांगतो. या किड्यांना मार्क असतात! ब्रिटनमध्ये पाण्याची तपासणी करताना त्यांच्या कुळांना १ ते १० गुण देण्याची रीत ठरवली गेली. स्टोनफ्लायला १०, चिखलातल्या बारीक गांडुळांना १. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही याच धर्तीवर जिवांवरून पाण्याची प्रत ठरवण्याची पद्धत दिली आहे. म्हणजे आम्ही खेळ म्हणून जे केले, ते खरे शास्त्र होते.

त्या रात्री जेवताना मी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सगळे सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “तवाच सांगत हुतो, उंबराला हात लावू नगंस. ऐकलं न्हाईस. तू शिकलेला!”

“आबा, आता काय करू?”

“काय करतोस? सऱ्या सोड.”

चार सऱ्या सोडणे सोपे नव्हते. मुलांनो, तुमच्या आईवडिलांना विचारा, चार सऱ्यांचा ऊस म्हणजे काय ते. सौ. म्हणाली, “दोन सोडा.” दोन दिवस घरात यावरच बोलणे चालू होते. शेवटी तीन सऱ्या सोडल्या. त्या पट्ट्यात उंबर, करंज आणि जांभूळ लावले, कडेला वाळा लावला. वाळ्याची मुळे खोल जाऊन माती धरून ठेवतात. पंप आता ओढ्यात धुवायचा नाही. थोडे पाणी घालून खळबळायचा आणि ते पाणी शेतातच फवारून टाकायचे.

दर वर्षी दिवाळीनंतर आम्ही ते दहा दगड उलटतो. पहिल्या वर्षी तीनच प्रकार. दुसऱ्या वर्षी चार. झाडे अजून कमरेएवढीच आहेत, त्यांची सावली पाण्यावर पडत नाही, आणि वरच्या बाजूची शेते आहेत तशीच आहेत. एकट्याच्या तीन सऱ्यांनी ओढा बरा होत नाही.

आमची हिरण्यकेशी आंबोलीत उगम पावते. तिथे एक छोटासा मासा असल्याचे २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी जगाला सांगितले आणि त्याला नदीचेच नाव दिले. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. उगमापाशी नदी अशी जपली जाते. पण तिला वाटेत मिळणारे ओढे कुणी जपायचे? ते आपल्याच शेताच्या कडेने वाहतात ना!

यंदाच्या दिवाळीनंतर आम्ही पुन्हा गेलो. ती पोरगी आता सातवीत आहे, तरी हट्टाने आली. नवव्या दगडाखाली तिला काहीतरी दिसले. थाळीत पाणी घेऊन तिने तो जीव अलगद सोडला. आम्ही सगळे वाकलो.

“सर, मोजा,” ती म्हणाली.

मी मोजल्या. एक, दोन, तीन.

एकच होता. पण होता. आम्ही त्याला परत सोडले आणि दगड होता तसा ठेवला.

तुमच्या गावात ओढा असेल, तर पावसाळा ओसरल्यावर, घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊन जा. दहा दगड बघा आणि वहीत लिहा. आणि दगड जागेवर ठेवायला विसरू नका बरं का!