कुर्डुवाडी जंक्शन आणि पोर्ट ७६८७

गुरुवार, ९ जानेवारी २०२५

भाचीने प्रोजेक्टचा विषय पक्का केला. रेल्वेच्या सोलापूर विभागातली स्टेशनं, त्यांना जोडणारे मार्ग आणि कुठून कुठे कसं जाता येईल याची उत्तरं. डेटाबेस ग्राफचाच हवा, असं सरांनी सांगितलंय. "मामा, पोस्टग्रेसमध्ये नाही का जमणार?" जमेल की. एवढ्याशा स्टेशनांचा पसारा रिकर्सिव्ह क्वेरीत सहज मावतो, आणि कुणी पैसे देऊन हेच काम सांगितलं असतं तर मी बहुधा तेच केलं असतं. पण शिकायला हा विषय नामी आहे. टेबलांच्या डेटाबेसात दोन गोष्टींचा संबंध दर वेळी जॉइन करून शोधावा लागतो. निओफोरजेसारख्या डेटाबेसात संबंध हीच एक नोंद असते. कुर्डुवाडीच्या नोंदीला हात घातला की तिथून निघणारे सगळे मार्ग हाताशी येतात, बाकीच्या देशात कितीही स्टेशनं असली तरी.

तिने जॅनसग्राफचंही नाव काढलं. चांगलाच आहे, पण तो आपला डेटा कॅसँड्रा, एचबेस किंवा बर्कलेडीबीत ठेवतो, शोधासाठी वेगळं इंडेक्सिंग लागलं तर ल्युसीन नाहीतर इलॅस्टिकसर्च. मोठ्या कंपनीला ही मोकळीक हवीच असते. आठ जीबीच्या लॅपटॉपवर शिकणाऱ्या पोरीला ती कशाला? एकच प्रोसेस, एकच फोल्डर, ब्राउझरात चित्र दिसेल असं काहीतरी. तेव्हा निओफोरजे, कम्युनिटी आवृत्ती.

शुक्रवार, १० जानेवारी

आज नळाला पाणी, त्यामुळे सकाळ टाक्या भरण्यात गेली. दुपारी बसलो.

थेट मशीनवर टाकायचं तर जावा लागतं. पाचव्या मालिकेला १७ किंवा २१. माझ्या उबुंटूवर दुसऱ्या एका जुन्या कामासाठी ११ बसवलंय आणि ते हलवायचं नाही. म्हणून डॉकर. त्यात जावा आतच येतं आणि बाहेरच्या जावाशी त्याचं भांडण होत नाही.

आवृत्ती मात्र नाव घेऊन लिहायची: ५.२६, कम्युनिटी. नुसतं 'लेटेस्ट' लिहिलं तर माझ्याकडे आज एक उतरेल आणि भाचीकडे पुढच्या महिन्यात दुसरंच. ५.२६ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती आहे, प्रोजेक्ट संपेपर्यंत पुरेल.

दोन पोर्ट उघडावे लागतात. ७४७४ वर ब्राउझरचं पान येतं आणि ७६८७ वर बोल्ट, म्हणजे क्वेरीची खरी ये-जा. नवीन माणूस हमखास इथे अडतो. पहिलंच पोर्ट उघडलं तरी पान छान दिसतं, लॉगिनची चौकट येते; पण ते पान तुमच्या ब्राउझरातून ७६८७ शी बोलायला जातं आणि तिथे दार बंद. मग पासवर्डवर संशय घेत बसतात. भाचीलाही मुद्दाम एकच पोर्ट देऊन बघायला लावलं. दहा मिनिटं ती पासवर्डच बदलत होती.

दुसरं, पोर्टच्या आधी १२७.०.०.१ लिहायचं. डॉकरला नुसता पोर्ट नंबर दिला तर तो मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर उघडतो, म्हणजे हॉस्टेलच्या वायफायवर शेजारच्या खोलीतल्यालाही दिसतो. आणि डेटाचं फोल्डर बाहेरच्या व्हॉल्यूमला जोडायचं, नाहीतर कंटेनर काढला की सगळं गेलं. पासवर्ड निदान आठ अक्षरी. हीप आणि पेजकॅश दोन्हीला अर्धा-अर्धा जीबी बांधून दिला. न बांधता सोडलं तर तो स्वतःच्या अंदाजाने मेमरी घेतो आणि इकडे ब्राउझर रांगायला लागतो.

हे सगळं डॉकर कंपोजच्या एका फाइलमध्ये लिहिलं. कमांडी पाठ करायच्या नाहीत, फाइल जपायची.

रविवार, १२ जानेवारी

हुतात्मा चौकात सकाळी गर्दी होती. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात इंग्रजांनी मार्शल लॉ लावला, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी दिलं. त्यांच्या नावाची हुतात्मा एक्सप्रेस रोज सकाळी इथून पुण्याला जाते. येरवडाही पुण्यातच. गाडीला नाव देणाऱ्याच्या मनात हे होतं का, कोण जाणे.

योगायोगाने आजचं कामही त्याच गाडीपाशी अडलं. भाचीने गाडीला नातं केलं होतं: सोलापूर, बाण, पुणे, आणि बाणावर 'हुतात्मा' असं नाव. सायफरमध्ये, म्हणजे निओफोरजेच्या क्वेरीच्या भाषेत, हे दिसायलाही गोड वाटतं, गोल कंसात स्टेशन, चौकटी कंसात नातं, मधे बाण. पण मग गाडी कुर्डुवाडीला थांबते, दौंडला थांबते, प्रत्येक ठिकाणी वेळ वेगळी. ते कुठे लिहायचं? नात्याला गुणधर्म जोडता येतात, पण नात्यापासून दुसरं नातं काढता येत नाही. म्हणून गाडी स्वतंत्र नोड केली. गाडीपासून प्रत्येक थांब्याला 'थांबते' असं नातं, त्यावर वेळ. रूळ वेगळे: स्टेशन ते शेजारचं स्टेशन, 'जोडलेलं'. दोन थर झाले. जमिनीवरचं लोखंड आणि त्यावरून धावणारं वेळापत्रक.

लेबलं मराठीतच ठेवली. सायफरला देवनागरी चालते. शंका असेल तिथे नाव बॅकटिकमध्ये घालायचं. भाचीला आधी पटेना. "सर काय म्हणतील?" म्हटलं, सरांना मोहोळ आणि माढा मराठीतच माहीत आहेत.

सोमवार, १३ जानेवारी

गावातली गड्ड्याची यात्रा सुरू झाली. नंदीध्वज अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेकाला निघाले, गावातले रस्ते बंद, क्लायंटचा फोन आला तरी हलग्यांच्या आवाजात काही कळेना. घरात भोगीची भाजी, बाजरीची भाकरी.

काम थोडंच. स्टेशनांची यादी एक्सेलमधून काढली तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं. सेव्ह करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हा पर्याय वेगळा निवडावा लागतो. फाइल डेटाबेसच्या इम्पोर्ट फोल्डरात ठेवायची, दुसरीकडची तो घेत नाही. आणि आत येणारं सगळं अक्षर म्हणून येतं, अंतराचा आकडाही. त्याला आकडा करून घ्यावं लागतं.

मंगळवार, १४ जानेवारी

यात्रेतला अक्षता सोहळा. पांढऱ्या बाराबंदीतली माणसंच माणसं. लॅपटॉप उघडला नाही.

गुरुवार, १६ जानेवारी

खालच्या मजल्यावरचे काका निवृत्त स्टेशन मास्तर. तिळगूळ द्यायला आले आणि पडद्यावरचं गोल-गोल जाळं बघून खुर्ची ओढून बसले. पहिलं वाक्य: "हे कुर्डुवाडी दोनदा का?"

कारण एका फाइलीत 'कुर्डुवाडी' होतं, दुसरीत 'कुर्डूवाडी'. मर्ज ही कमांड असेल ते घेते, नसेल ते बनवते, आणि तिच्या लेखी ऱ्हस्व डु आणि दीर्घ डू ही दोन गावं. मराठी डेटाला हा रोग जडलेलाच आहे. ऱ्हस्व-दीर्घ तरी डोळ्यांना दिसतं. 'र्‍या' मधे कुणी न दिसणारं जोडचिन्ह टाकलेलं असतं, कुणी 'ऱ' वापरलेला असतो. पडद्यावर दोन्ही सारखे, डेटाबेसला वेगळे. यावर उपाय एकच, नावावर ओळख ठेवायचीच नाही. एका खुणेच्या गुणधर्मावर युनिक बंधन घालायचं, मर्ज त्यावरच करायचं, नाव मागाहून चिकटवायचं. बंधनाबरोबर इंडेक्सही आपोआप होतो.

भाची म्हणाली, खूण म्हणून रेल्वेचा कोड घेऊ, सोलापूरचा एसयूआर. काका हसले. "गुलबर्ग्याचा जीआर होता. कलबुर्गी झालं, केएलबीजी आला. उस्मानाबाद जिल्ह्याचं धाराशिव केलंय. आणि कुर्डुवाडीला आमच्या आधीचे लोक बार्शी रोडच म्हणायचे." म्हणून खूण आमची आम्ही केली, साधा क्रमांक. कोड, आजचं नाव, जुनी नावं हे सगळे नुसते गुणधर्म.

मग बाणांवर आले. निओफोरजेत प्रत्येक नात्याला दिशा द्यावीच लागते. भाचीने प्रत्येक मार्ग दोनदा घातला होता, जायचा आणि यायचा. काकांनी विचारलं, "रूळ दोनदा टाकलेत का? मुंबईकडे जाते ती अप, तिकडून येते ती डाउन. अप-डाउन गाडीचं असतं." बरोबर. एकाच दिशेने साठवायचं आणि क्वेरी लिहिताना बाणाचं टोक गाळायचं. तो दोन्हीकडून बघतो. नाती निम्मी झाली.

सर्वांत लहान मार्ग काढून दाखवला. लातूर ते मिरज: बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर अशी रांग उजळली. काका खूश झाले, पण लगेच म्हणाले, हा रस्ता एकेकाळी सगळा नॅरोगेज होता. खरंच, बार्शी लाइट रेल्वे १८९७ ला एव्हरार्ड कॅलथ्रॉपने अडीच फुटी गेजवर सुरू केली; १९०६ ला ती पंढरपूरला पोचली, १९११ ला लातूरला, १९२७ ला मिरजेला. तेव्हा सोलापूरहून पंढरपूरला निघालेल्याला कुर्डुवाडीत उतरून गाडी बदलावीच लागे. नकाशात जंक्शन एक, पण रुळांची रुंदी जुळत नव्हती. आता सगळं ब्रॉडगेज आहे म्हणून आमचा ग्राफ खरा ठरतो. त्या काळचा काढायचा तर मार्गावर गेज लिहावं लागेल.

"आणि दौंड?" काकांचा पुढचा प्रश्न. मनमाडची लाइन दौंडला पुण्याच्या बाजूने शिरते. नगरहून पुण्याला जाणाऱ्या गाडीचं इंजिन दौंडला काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागायचं. ते टाळायला बाहेरून कॉर्ड लाइन केली. पण त्याच नगरकडून येऊन सोलापूरकडे जाणारी गाडी सरळ निघते. म्हणजे नगर–दौंड जोडलेलं, दौंड–पुणे जोडलेलं, दोन्ही नाती खरी, तरी एकातून दुसऱ्यात सहज जाता येत नाही. वळण हा स्टेशनचाही गुण नाही आणि मार्गाचाही नाही. तो दोन मार्गांच्या मधला आहे. ते मांडायचं तर प्रत्येक सेक्शनच नोड करायचा आणि 'यातून त्यात जाता येतं' हे नातं करायचं. रूळ नोड झाले की स्टेशन नुसतं नाव उरतं.

भाची लगेच सगळं मोडायला निघाली. थांबवलं. तिच्या प्रोजेक्टचा प्रश्न प्रवाशाचा आहे, कंट्रोल रूमचा नाही. प्रवाशाला इंजिन कुठल्या टोकाला आहे याने फरक पडत नाही. फार तर खिडकीची दिशा बदलते. दौंडबद्दल एक परिच्छेद अहवालात लिही म्हटलं, परीक्षक तोच विचारतील.

आणखी एक खोच तिने स्वतः काढली: सर्वांत लहान मार्ग तो स्टेशनं मोजून काढतो, किलोमीटर मोजून नाही. अंतर धरायचं तर डाइक्स्ट्रा हवा, आणि त्यासाठी एपॉक किंवा ग्राफ डेटा सायन्सचं प्लगइन. ते कंपोजच्या फाइलीत एका ओळीने येतं.

रात्री यात्रेची शोभेची दारू बघायला गच्चीवर.

शनिवार, १८ जानेवारी

दुपारी आयात चालू असताना लाइट गेली. डेस्कटॉपला यूपीएस नाही. परत आल्यावर कंटेनर उठला, लॉगमध्ये रिकव्हरीच्या चार ओळी दिसल्या आणि झालं. प्रत्येक बदल आधी ट्रँझॅक्शन लॉगमध्ये उतरतो, त्यामुळे कमिट झालेलं सगळं शाबूत, अर्धवट राहिलेलं मुळातच नाही. भाचीला हे पुस्तकात वाचून कंटाळा आला होता. आज तिने मोबाइलच्या उजेडात वाट बघून पाहिलं.

तरीही डेटाबेसला तिजोरी मानायचं नाही, हे तिला पुन्हा सांगितलं. कम्युनिटी आवृत्तीत कामाचा डेटाबेस एकच मिळतो, त्यामुळे प्रयोगाला वेगळा कोपरा नाही. खरा डेटा म्हणजे दोन सीएसव्ही आणि सायफरची एक फाइल: आधी बंधनं, मग स्टेशनं, मग मार्ग, मग गाड्या. व्हॉल्यूम पुसून टाक, फाइल चालव, मिनिटभरात तेच जाळं उभं राहायला हवं. राहिलं नाही तर काहीतरी हाताने टाकलेलं आहे, ते शोध.

संध्याकाळी तिच्या विंडोजच्या लॅपटॉपवर तसंच करून बघितलं. डब्ल्यूएसएल चालू केलं, डॉकर आला, कंपोजची फाइल तीच. उभं राहिलं, पण दुधनी एकटंच बाजूला तरंगत होतं. अक्कलकोट रोडपासूनचा मार्ग माझ्याकडे तिने ब्राउझरात टंकला होता, फाइलीत नव्हता. तिने मान खाली घालून ओळ लिहिली.

मग काकांची मागणी: सोलापूर–तुळजापूर–धाराशिव मार्ग घाला. त्याचं काम चालू आहे. घातला, 'स्थिती' या गुणधर्मात 'बांधकाम'. पुढची पाच मिनिटं सोलापूर ते लातूर विचारलं की उत्तर तुळजापूरवरून येत होतं, कारण क्वेरीत स्थिती तपासलीच जात नव्हती. भाचीने अट घातली, मार्ग पुन्हा कुर्डुवाडीवरून वळला. काकांना मात्र आधीचाच आवडला होता. ते म्हणाले, ती अट काढायचं बटण ठेव, लाइन सुरू झाली की दाबतो.