पाठीवरची अक्षरं

लिथुआनियातल्या काउनासच्या युद्धसंग्रहालयाच्या बागेत पाठीवर गाठोडं घेतलेल्या माणसाचा पुतळा आहे. गाठोड्यात पुस्तकं आहेत. लिथुआनियन लोक त्याला ‘क्निगनेशिस’ म्हणतात, म्हणजे पुस्तकं वाहून नेणारा. १८६३चा उठाव मोडून काढल्यावर झारच्या राजवटीने लॅटिन लिपीतल्या लिथुआनियन छपाईवर बंदी घातली, ती थेट १९०४ मध्ये उठली. रशियन लिपीत छापलेली सरकारी पुस्तकं लोकांनी झिडकारली. पलीकडे प्रशियात, तिल्झिटला पुस्तकं छापली जात आणि ही माणसं ती रात्री चोरवाटांनी सरहद्द ओलांडून खेड्यापाड्यांत पोचवत. पकडले गेलेले कित्येक जण सायबेरियात गेले, काही सरहद्दीवरच गोळ्यांना बळी पडले. मुलांना वाचायला शिकवलं ते घरातल्या बायकांनी. चरख्यावर बसलेली आई शेजारच्या लेकराला पुस्तकातली अक्षरं दाखवते आहे, असं पेत्रास रिम्शाचं छोटं शिल्प आहे. युरोपातल्या कितीतरी विजयस्तंभांपेक्षा मला ते मोठं वाटतं.

विल्निअसच्या बाजारात राईच्या काळ्या पावाच्या आणि मधाच्या दुकानांपाशी मी रेंगाळत असे ते लोकांचं बोलणं ऐकण्यासाठी. मुलगा ‘सूनुस’, पुरुष ‘वीरास’, आग ‘उग्निस’, धूर ‘दूमाइ’. सूनु, वीर, अग्नि, धूम हे संस्कृत शब्द शाळेत पाठ केलेल्या कोणालाही इथे क्षणभर थबकायला होईल. नामाला संबोधन धरून सात विभक्त्या आहेत आणि भाजीवालीसुद्धा त्या सहज चालवते. १८५२ मध्ये आउगुस्ट श्लायखर हा जर्मन पंडित प्रशियातल्या लिथुआनियन खेड्यांत जाऊन शेतकऱ्यांकडून ही भाषा शिकला, कारण ग्रंथांतून मिळणार नाही असं काही तिथे जिवंत होतं. एक गोष्ट मात्र आपल्याकडे उरली आहे: लिथुआनियन नामांमधून नपुंसकलिंग गेलं, मराठीत ते अजून नांदतं आहे.

पुढे आर्मेनियात, येरेव्हानला उतरल्यावर मात्र कान अगदी परका झाला. वाळवलेल्या जर्दाळूंचे ढीग मांडून बसलेला विक्रेता मोजत होता: एरकू, एरेक, चोर्स, हिंग. लिथुआनियात ‘दु, त्रीस, केतुरी, पेन्की’ ऐकताना दोन-तीन-चार-पाचची नाती आपोआप लागत होती. इथे ‘चोर्स’ सोडला तर काहीच हाती लागेना. आर्मेनियन ही इराणी भाषांचीच एक शाखा असावी, असा विद्वानांचाही समज होता. १८७५ मध्ये हाइनरिख ह्यूब्शमानने दाखवून दिलं की इराणी शब्द उसने आहेत आणि खाली भाषा स्वतंत्र आहे, संस्कृत आणि लिथुआनियन ज्यात येतात त्याच इंडो-युरोपीय कुळातली वेगळी शाखा. मूळचा ‘प’ इथे ‘ह’ झाला. म्हणून पितृ ‘हायर’ झाला आणि पाच ‘हिंग’. ‘एरकू’सुद्धा आपल्या ‘द्वि’चाच भाऊ आहे. लिंगभेद तर या भाषेने पूर्ण टाकून दिला आहे. तरीही दाराला आर्मेनियनमध्ये ‘दुर’ म्हणतात आणि लिथुआनियनमध्ये ‘दुरीस’, कुत्र्याला ‘शुन’ आणि ‘शुओ’. आपलं श्वान त्यांच्याच शेजारी बसतं.

मला राहून राहून नवल वाटतं ते याचं की आर्मेनियनला मेस्रोप माश्तोत्सने ४०५च्या सुमारास स्वतःची लिपी दिली, छत्तीस अक्षरांची. लिथुआनियनचं पहिलं पुस्तक, मार्तिनास माझ्विदासची प्रश्नोत्तरी, छापलं गेलं १५४७ मध्ये, तेही परदेशात, क्योनिग्सबर्गला. हजाराहून अधिक वर्षं आधी लिहिली गेलेली भाषा इतकी बदलली आणि अरण्यात, शेतात, फक्त जिभेवर राहिलेली भाषा जुनं रूप सांभाळत आली. लिपी जुनी म्हणजे रूपही जुनं, हा आपल्या मनातला हिशेब इथे चुकतो. अंत्वान मेये या फ्रेंच भाषापंडिताला हे दोन्ही टोकांनी ठाऊक होतं. इंडो-युरोपीय बोली ओठांवर ऐकायची तर लिथुआनियन शेतकऱ्याकडे जा, हे मत त्याच्याच नावावर सांगितलं जातं, आणि १९०३ मध्ये अभिजात आर्मेनियनचं तौलनिक व्याकरण लिहिलं तेही त्यानेच.

माश्तोत्सच्या नावाचा रस्ता चढत गेला की मातेनादारान हा हस्तलिखितांचा संग्रह लागतो. तिथे मूशची प्रवचनांची पोथी आहे: तेराव्या शतकाच्या आरंभी वासराच्या कातड्यावर लिहिलेली, वजन सुमारे अठ्ठावीस किलो. १९१५च्या आर्मेनियन लोकांच्या संहारात दोन बायकांनी ती उचलली. एकटीला पेलेना म्हणून दोन भाग केले. एक भाग एच्मियाद्झिनला पोचला. दुसरा एर्झुरुमजवळ पुरला गेला आणि पुढे सापडून पहिल्याला मिळाला. पोथीपुढे मला काउनासचा तो वाकलेला माणूस आठवला. त्याच्यासारखंच या बायकांनीही ओझं पाठीवर घेतलं होतं, फक्त सरकारने बंदी घातलेली पुस्तकं त्याची आणि मरणातून पळताना वाचवलेली पोथी यांची.

आर्मेनियन छपाईसुद्धा परदेशातच सुरू झाली: पहिलं पुस्तक हाकोब मेघापार्टने १५१२ मध्ये व्हेनिसला छापलं. आणि पहिलं आर्मेनियन नियतकालिक, ‘अझदारार’, १७९४ मध्ये निघालं ते आपल्या मद्रासला. संपादक हारुत्युन श्मावोन्यान तिथल्या आर्मेनियन चर्चमध्येच चिरविश्रांती घेतो आहे. चेन्नईला जाणाऱ्यांनी आर्मेनियन स्ट्रीटवर जरूर थांबावं.