शून्य ते पाच

उत्तरपत्रिकांना गुण देण्यात आमचे अर्धे आयुष्य गेले. पण आमच्याच देहाला कुणी ० ते ५ या श्रेणीत गुण देईल, असे कधी मनात आले नव्हते. दुसऱ्या बाळंतपणानंतर खोकला आला की लघवी सुटू लागली, तेव्हा फिजिओथेरपिस्ट बाईंनी ही तपासणी सुचवली.

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या जघनास्थीपासून मागच्या माकडहाडापर्यंत, झोळीसारखा स्नायूंचा पडदा असतो. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना तो तोलून धरतो. आमच्या बोलीत त्याला नाव नाही. तो हरला की ‘अंग बाहेर आले’ म्हणतात; निभावतो तोवर तो निनावीच.

तपासणीत हातमोजा घातलेले बोट योनीमार्गात ठेवून ‘आवळा, वर ओढा’ असे सांगतात आणि जाणवेल त्या पकडीला गुण देतात. ऑक्सफर्ड श्रेणीच्या सुधारित रूपात ० म्हणजे काहीच हालचाल नाही, १ म्हणजे नुसते स्फुरण, २ म्हणजे क्षीण आकुंचन, ३ म्हणजे मध्यम आकुंचन व थोडे उचलणे, ५ म्हणजे भक्कम पकड. दोन परीक्षकांचे गुण जुळतीलच असे नाही, हे आम्हां शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

पण खरी मेख त्या आज्ञेच्या शब्दांत आहे. रिचर्ड बंप आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४७ स्त्रियांना तोंडी सूचना दिल्या, तेव्हा जेमतेम निम्म्यांना योग्य आकुंचन साधले. सुमारे चतुर्थांश स्त्रियांचा प्रयत्न उलट अपायकारक ठरेल असा होता. ज्याला नाव नाही, ते आवळायचे कसे? कुणी नितंब आवळते, कुणी श्वास कोंडते, कुणी कुंथते. म्हणूनच अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये मांडलेले दाबमापक यंत्र आम्हाला मोलाचे वाटते. त्याची सुई हलताना रुग्ण स्त्रीलाही दिसे. परीक्षकाचा आकडा प्रथमच तिचाही झाला.

आमची आई कित्येक वर्षे लांबचा प्रवास आणि लग्नकार्ये टाळीत राहिली. ‘वयाप्रमाणे व्हायचेच’, एवढेच ती म्हणे. तिला कुणी विचारले नाही, आम्हीही नाही. आम्हाला २ गुण मिळाले. लाज वाटण्याऐवजी हायसे वाटले, कारण २ चे ३ करण्यासाठी व्यायाम आहेत. तिच्या ‘व्हायचेच’ला मात्र पुढची पायरीच नव्हती.