वरूडचा डिंक

गेल्या दिवाळीच्या सुटीत एका विद्यार्थ्याबरोबर त्याच्या घरी, वरूडला गेलो. बागेत आंबिया बहाराची संत्री रंगावर आली होती. माझी नजर मात्र एका बुंध्यावरून ओघळणाऱ्या डिंकावर खिळली.

“डिंक्या आहे, सर. बुंध्याले पाणी लागलं का हा आलाच,” विद्यार्थ्याचे वडील म्हणाले.

मातीतली बुरशी ओल्या बुंध्याची साल कुजवते. त्यांनी कुजकी साल खरवडली. 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना व 10 लिटर पाणी यांचा बोर्डो मलम फासला. आळे दुहेरी करून पाणी बाहेरच्या कड्यात वळविले. झाड त्यांच्या वडिलांच्या हातचे!

“जगेल?”

“पुढल्या बहाराले सांगतो.”

यंदा संत्र्यांची टोपली आली. चिठ्ठी नव्हती, उत्तर मात्र पोचले.